पिवळी काटवट

लाकडाला नाव देण्याच्या बाबतीत आपली माणसं भलतीच उदार आहेत. घरातली वस्तू जुनी आणि काळपट असली की ती शिसवी. जड असली आणि तिला वाळवी लागली नाही की सागवानी. देवघराजवळ ठेवलेली असली तर चंदनाची... आमच्या पूर्वजांनी बाभळीचं खोड वापरलं होतं असं अभिमानाने सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. घरोघरच्या सांगण्यावर विश्वास ठेवला तर एकेकाळी बालाघाटाच्या डोंगरावर शिसवाचं घनदाट अरण्य होतं असंच म्हणावं लागेल!

अशी एक वस्तू आमच्याही घरात आहे. एक काटवट. (आमच्या बीडकडे काटवट म्हणतात, इतरत्र काठवट. भाकरीचं पीठ मळायचं लाकडी भांडं. हल्ली सगळीकडे स्टीलच्या पराती झाल्या, म्हणून मुद्दाम सांगितलं.) भावांनी वाटणीत तांब्यापितळेची भांडी घेतली, तेव्हा उरलेल्यात ही माझ्याकडे आली. सव्वा फूट रुंद आणि चार बोटं खोल. नेहमीची काटवट सुतार तासून, कोरून काढतो आणि तिच्यावर हत्याराचे घाव हाताला लागतात. ही तशी नाही. ही कातीव आहे, म्हणजे कातारी लोक लाकूड फिरवत ठेवून जे काम करतात तशी. आमच्याकडच्या हिंदुस्थानी वळणाच्या बोलीत कातार्‍याला खरादी म्हणायचे. तळाला एकात एक बारीक वर्तुळं आहेत आणि मधोमध टोच्याची खूण.

तिची खरी गंमत मात्र नक्षीत आहे. नक्षी म्हणजे कोणी कोरलेली नव्हे, लाकडाच्या अंगचीच. आतल्या बाजूला बोटभर रुंदीचे फिके आणि गडद पट्टे आहेत. भांडं हातात धरून उन्हात जरा फिरवलं की फिका पट्टा गडद होतो आणि गडद फिका. लहानपणी आम्हाला ती जादू वाटायची. त्याचं कारण असं की काही झाडांचे तंतू सरळ वर चढत नाहीत. काही वर्षं ते उजवीकडे पीळ घेतात, मग पुढची काही वर्षं डावीकडे. अशा खोडाला काप दिला की एका पट्ट्यातले तंतू आपल्याकडे तोंड करून असतात आणि शेजारच्या पट्ट्यातले पाठ करून. त्यामुळे प्रकाश वेगवेगळा परततो. सुतारांना असलं लाकूड नको असतं, कारण ते रंध्याला ऐकत नाही. एका पट्ट्यावर गुळगुळीत झालेला रंधा दुसर्‍या पट्ट्यावर तुसं उपटतो.

तर ही काटवट कशाची, यावर आमच्या घरात तीन पक्ष आहेत. आत्या म्हणायच्या चंदनाची. चुलतभाऊ म्हणतो शिसवाची, आणि तिला झकास पॉलिश मारून दिवाणखान्यात ठेवू म्हणतो. गावच्या सुतारमामांनी हातात घेऊन एका क्षणात "साग आहे बाई" असा निकाल दिला.

मी इतिहास शिकवण्यात आयुष्य घालवलं. माझी बी.ए. मराठी माध्यमाची, आणि लाकडाचं शास्त्र आमच्या अभ्यासक्रमात कुठेही नव्हतं. पण पुराव्याची एक सवय असते. नाव कोण सांगतो त्यापेक्षा वस्तू काय सांगते ते आधी बघावं. आणि लाकूड बरंच काही सांगतं.

लाकडाचा रंग हा सगळ्यात कच्चा साक्षीदार. तेल, धूर, हळद, हात आणि वर्षं मिळून कोणत्याही लाकडाला तपकिरी करून टाकतात. खरी ओळख आडव्या छेदात असते, म्हणजे ओंडका आडवा कापल्यावर जो चेहरा दिसतो त्यात. झाडाच्या पाणी वाहून नेणार्‍या नळ्या तिथे छिद्रांसारख्या दिसतात. कातीव भांड्यात असा छेद काठावर समोरासमोर दोन ठिकाणी सापडतो. तिथे नवं पातं लावून नखाएवढी जागा साफ करायची आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला लावायचं. आमच्या शाळेत विज्ञान शिकवणार्‍या एका मैत्रिणीकडे असं भिंग होतं. तिच्यात माझ्यापेक्षा जास्त उत्साह.

या पद्धतीला कमी समजू नका. हडप्पाला १९४६ साली उत्खनन झालं, तेव्हा एका कबरीत लाकडी शवपेटीचे अवशेष मिळाले. पुढे डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेतले के. ए. चौधरी आणि एस. एस. घोष यांनी हडप्पाच्या लाकडांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून १९५१ साली निष्कर्ष मांडले. शवपेटी शिसवाची आणि तिचं झाकण देवदाराचं. देवदार हिमालयातला, शिसव मध्य भारत आणि दख्खनकडचा. एका मेलेल्या माणसाच्या पेटीतून चार हजार वर्षांपूर्वीचे व्यापाराचे दोन रस्ते निघाले!

आता आमच्या काटवटीकडे. चंदन पहिल्याच फेरीत बाद झालं. चंदनाची छिद्रं इतकी बारीक असतात की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, आणि आमच्या काटवटीची छिद्रं भिंगाशिवायही दिसतात. शिवाय सव्वा फुटाचं भांडं एकसंध निघेल इतका जाड चंदनाचा गाभा कोणाला मिळाला असता, आणि मिळाला तर त्यात तो पीठ कशाला मळेल? सागात दरवर्षीच्या वाढीच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची एक रांग लागते, त्यामुळे छेदावर ओळीने टोचल्यासारखी वलयं दिसतात. ताज्या खरवडलेल्या सागाला कातड्यासारखा वासही येतो. आमच्याकडे छिद्रं विखुरलेली होती आणि वास काहीच नव्हता. सुतारमामांचा मान राखून साग बाजूला ठेवला.

शिसवाने मात्र झुंज दिली. भिंगातून छिद्रांच्या भोवती आणि त्यांना जोडणार्‍या बारीक, लाटांसारख्या फिक्या रेघा दिसत होत्या. काठाच्या सपाट बाजूवर, उजेड तिरपा धरला की, वाळूवर वार्‍याने उठतात तशा अतिशय बारीक आडव्या लहरी. या लहरी शिसवात असतात आणि सागात नसतात. पण त्याच शेंगांच्या कुळातल्या आणखी एका झाडात त्या असतात. त्या झाडाचं नाव बिबळा. हिंदीत बिजासाल, आयुर्वेदात विजयसार. शिसवाच्या अंगात जांभळट काळ्या रेघा असतात, आमच्या काटवटीत खरवडल्यावर सोनेरी पिवळट तपकिरी रंग निघाला.

आणि इथे आजीची एक गोष्ट कामी आली.

आजी या काटवटीला "पिवळी" म्हणायची. ती घरात आली तेव्हा आजीने पहिल्यांदा तिच्यात ज्वारीचं पीठ मळलं आणि भाकरी पिवळी झाली. जावांनी नावं ठेवली. कोणी म्हणे यात काही घातलंय. तेव्हापासून पिवळीत ओलं काही ठेवायचं नाही, फक्त कोरडं, असा नियमच झाला. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर तांबडी मिलो मिळायची, ती निवडायला आजी हीच घेऊन बसायची हे मला स्पष्ट आठवतं. जे. एस. गॅम्बल नावाच्या वनाधिकार्‍याने हिंदुस्थानातल्या लाकडांवर एक मोठं पुस्तक लिहिलं, पहिली आवृत्ती १८८१ ची. त्यात बिबळ्याच्या वर्णनात हे लाकूड ओलं झालं की पिवळा डाग देतं अशी नोंद आहे. आजीने गॅम्बल वाचला नव्हता आणि गॅम्बलने आजीची भाकरी खाल्ली नव्हती, पण दोघांचं एकमत होतं.

शेवटची परीक्षा पाण्याची. तळाकडून काढलेला चिमूटभर भुसा काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात रात्रभर ठेवला. सकाळी पाणी फिकट सोनेरी झालं होतं. पेला काळ्या कापडासमोर धरून बाजूने ऊन पडू दिलं, आणि काय सांगू... आरपार पाहिलं तर सोनेरी, पण कडेला मोरपिसाच्या जवळ जाणारी निळाई! चिमूटभर खाण्याचा सोडा टाकल्यावर ती निळाई आणखी उठून दिसली. माझी विज्ञानवाली मैत्रीण टाळ्या वाजवायला लागली.

या निळ्या पाण्याचा इतिहास फार मोठा आहे आणि तो थोडा सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. स्पेनमधल्या सेव्हिलचा वैद्य मोनार्देस याने १५६५ साली मेक्सिकोहून येणार्‍या एका लाकडाबद्दल लिहिलं. त्याचे तुकडे पाण्यात ठेवले की पाणी निळं दिसतं आणि ते पाणी मूत्रपिंडाच्या विकारावर देतात. म्हणून त्याचं नावच पडलं मूत्रपिंडाचं लाकूड. पुढे रोममधल्या किर्शर नावाच्या पाद्रीबुवांना मेक्सिकोच्या पाद्र्यांकडून अशाच लाकडाचा एक कातीव पेला भेट मिळाला. १६४६ सालच्या प्रकाशावरच्या ग्रंथात त्यांनी त्यातल्या पाण्याचे रंग वर्णन केले, आणि पेला सम्राटाला देऊन टाकला. इंग्लंडच्या रॉबर्ट बॉइलने १६६४ साली त्याच पाण्यात आम्ल टाकून निळाई घालवली आणि क्षार टाकून परत आणली. स्टोक्सने या प्रकाराला 'फ्लुअरेसन्स' हे नाव दिलं ते १८५२ साली. आपल्या पाठ्यपुस्तकात प्रतिदीप्ती म्हणतात ती हीच.

एवढे मोठमोठे लोक त्या पाण्यात डोकावले, पण झाड कोणतं हे कोणाला नीट सांगता येईना. वर्णनंच जुळत नव्हती. कोणी म्हणे झुडूप आहे, तर कोणी त्याचे रुंद पेले दाखवी. झुडपातून पेला कसा कातणार? शेवटी १९१५ साली विल्यम सॅफर्ड या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने गुंता सोडवला. लाकडं दोन होती. एक खरंच मेक्सिकोतलं लहान झाड. दुसरं फिलिपाइन्समधलं नारा नावाचं मोठं झाड, पेले त्याचे. स्पॅनिश गलबतं मनिलाहून माल घेऊन मेक्सिकोच्या आकापुल्को बंदरात यायची, आणि तिथून तो युरोपात जायचा. माल मेक्सिकोतून आला म्हणून झाडही मेक्सिकोचं ठरलं. मोनार्देसपासून सॅफर्डपर्यंत मोजा, बरोबर साडेतीनशे वर्षं. निळाईच्या मुळाशी असलेल्या रेणूची रचना तर २००९ साली समजली.

हा नारा म्हणजे आपल्या बिबळ्याचा सख्खा भाऊ. दोघांचं शास्त्रीय आडनाव एकच, टेरोकार्पस. आपल्या बिबळ्याचं शास्त्रीय नाव टेरोकार्पस मार्सुपियम, ते रॉक्सबर्गने ठेवलेलं.

आपल्याकडे तर नावांचा गोंधळ आणखी जुना. संस्कृतात असन म्हणजे बिबळा. हिंदी मुलखात आसन म्हटलं की लोक आपला ऐन दाखवतात. आणि मराठीत आसाणा म्हणजे काटे असलेलं तिसरंच झाड. जुन्या ग्रंथात असन वाचून कोणी रानातून आसाणा तोडून आणला तर औषध तर लांबच राहिलं, झाड मात्र फुकट जाईल. बिबळा आणि बिब्बा यांचा घोळ तर धोक्याचा. बिब्ब्याचं तेल अंगावर उतलं की काय होतं ते खेड्यात वाढलेल्यांना सांगायला नको.

लाकूड बिबळ्याचं निघालं हे कळल्याबरोबर माझा साखरेचा पेशंट असलेला एक मावसभाऊ रात्रीचं पाणी पिवळीत ठेवायला निघाला. विजयसाराचे पेले काष्ठौषधीच्या दुकानात मिळतात ते त्याला ठाऊक होतं. त्याला मी सरळ नाही म्हटलं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा एक अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यात नव्यानेच मधुमेह निघालेल्या रुग्णांना विजयसार दिलं आणि बर्‍याच जणांची साखर आटोक्यात आली, हे खरं. पण ते मोजून दिलेला अर्क घेत होते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. शंभर वर्षांच्या भांड्यातून किती काय उतरतं ते कोण मोजणार? गोळ्या चालू ठेव म्हटलं. तो रुसला. असो.

आता माझ्या मनातल्या खर्‍या प्रश्नाकडे येते. बिबळ्याची काटवट बीड जिल्ह्यातल्या घरात आली कुठून?

आमच्या जिल्ह्यात जंगल म्हणजे नावालाच. बाभळी, लिंब, चिंच, डोंगरावर सीताफळं. सव्वा फुटाची काटवट निघेल असा बिबळा सह्याद्रीत मिळतो, सातपुड्यात, विदर्भात, किंवा पूर्वेला आदिलाबादच्या जंगलात. सह्याद्री आम्हाला जवळ. पण १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होतं, आणि नगरची हद्द ओलांडली की इंग्रजी मुलूख. मधे करोडगिरीचं, म्हणजे जकातीचं, नाकं. आदिलाबाद मात्र राज्याच्या आतच. सागासाठी आणि इतर इमारती लाकडासाठी हैदराबाद राज्याची मोठी भिस्त त्या जंगलावर. आज नांदेड जिल्ह्यात असलेलं किनवट तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते आपल्याकडे आलं. आणि त्याच जिल्ह्यातलं निर्मळ हे गाव लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध, म्हणजे लाकडावर हात बसलेली माणसं त्या मुलखात होती. (निर्मळची खेळणी पोनिकी नावाच्या हलक्या पांढर्‍या लाकडाची असतात, आमच्या काटवटीचं लाकूड ते नव्हे.)

किनवटचं नाव मी उगीच घेत नाही.

आमचे आजोबा १९३० च्या सुमारास घरातून गेले ते परत आले नाहीत. तेव्हा माझे वडील पाच वर्षांचे, आत्या पोटात. गावात सगळ्यांचं म्हणणं एकच की ते हैदराबादला गेले आणि तिथे त्यांनी दुसरं घर केलं. भाऊबंदही तेच म्हणायचे, कारण तसं म्हटलं की शेताच्या वाट्याचा प्रश्न सोपा व्हायचा. आजी मात्र शेवटपर्यंत एकच सांगायची, "किनवटच्या जंगलात ठेकेदाराकडं हिशेबाला हायेत ते. तिथूनच धाडली ही काटवट." गेल्यावर दुसर्‍या वर्षी एका गाडीवानाबरोबर ही आली म्हणे. सोबत चिठ्ठी नाही, आजीला वाचताही येत नव्हतं. मग पुन्हा काहीच नाही. त्या जंगलात हिवतापाने किती माणसं जात, हे जुन्या लोकांना माहीत होतं, पण आजीसमोर कोणी ते बोललं नाही. घरातल्या बायका पाठीमागे हसायच्या की बीडच्या बाजारातून घेतलेली काटवट दाखवून म्हातारी नवर्‍याची लाज राखते.

पिवळीने आजीची बाजू सिद्ध केली असं मी म्हणणार नाही. भिंगातून कूळ आणि गोत्र कळतं, पण त्याच गोत्रातला अंदमानी पडौकही बराचसा तसाच दिसतो. तो जास्त तांबडा असतो म्हणून मी बिबळा म्हणते. बिबळ्याचं भांडं व्यापारी बीडच्या बाजारात आणू शकत होता हेही खरं. तरी मला एक गोष्ट खटकते. पीठ पिवळं करणारी काटवट कुठला जाणता दुकानदार भाकरी खाणार्‍या मुलखात विकायला आणेल, आणि कोणती बाई विचारपूस न करता घेईल? असं भांडं तोच धाडतो ज्याच्या आजूबाजूला तेच लाकूड आहे, हाताशी कातारी आहे, जो नक्षी बघून भुलला आहे, आणि ज्याने जन्मात कधी पीठ मळलेलं नाही. म्हणजे नवराच!

माझ्या चुलतभावाला हा युक्तिवाद पटत नाही. त्याच्या वडिलांनी सांगितलेली हैदराबादची गोष्ट त्याला सोडवत नाही, आणि त्याचं कारणही मी समजू शकते. शेताची वाटणी त्या गोष्टीवर झालेली आहे. पॉलिशला मात्र मी साफ नकार दिला. एकदा व्हार्निश चढलं की काठावरची छिद्रं बुजतील आणि भुशाचं पाणीही निळं होणार नाही.

आत्या पंच्याण्णव वर्षांच्या आहेत. त्यांना मी निळं पाणी दाखवलं. पेला बराच वेळ धरून बसल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे चंदन न्हाई." एवढंच.

निजामाच्या काळातली सरकारी कागदपत्रं हैदराबादला तारनाक्याच्या पुराभिलेखागारात आहेत. जंगलाच्या ठेक्यांचे कागद त्यांत असतील तर ते उर्दूत असणार. माझे वडील निजामाच्या शाळेत उर्दूतून शिकलेले, त्यांनी ते सहज वाचले असते. मला अलिफ-बे पलीकडे येत नाही. नातू सध्या हैदराबादला नोकरीला आहे, त्याला ठेकेदाराचं नाव आजी जसं उच्चारायची तसं दोन-तीन तर्‍हांनी लिहून पाठवलं आहे. जुनं हस्तलिखित उर्दू वाचू शकेल असा एक निवृत्त मास्तर त्याने शोधला आहे, आणि दिवाळीनंतर दोघं जाणार आहेत.